फटफटीच्या नळीत काय होतं

वाचनालयाच्या फळ्यापाशी थांबणाऱ्या मंडळींनो, हा कागद डकवताना अजूनही माझे डोळे चुरचुरतायत.

फौजेच्या लिलावातली जुनी फटफटी मी हिवाळाभर ओसरीवर खोलून बसलोय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. प्लग बदलला, कार्बोरेटर चारदा धुतला, तरी ती चालू होईना. वडिलांनी आजपर्यंतची मुदत दिली होती. सकाळीच भंगारवाल्याची बैलगाडी दारात येऊन उभी राहिली.

मी किकवर किक मारत होतो. थंडीतही सदरा भिजला. वडील म्हणाले, "आते बस कर, बेटा." भंगारवाल्याने हँडल धरलं.

तेवढ्यात आई चुलीपासून उठून आली. "बेटा, मांगली नळीमा मीच मिरच्या भरेल शेतस. उंदीर घुसतीन म्हनीसन."

तारेने मागची नळी उकरली, तर सायलेन्सरमधून फडकं आणि ओंजळभर मिरच्या निघाल्या. पुढच्याच किकला फटफटी धडधडली आणि अख्खी गल्ली शिंकायला लागली. सगळ्यात आधी भंगारवाला पळाला.

मी आईवर ओरडलो, "इतला दिन सांगं का नही?"

"तुनी ईचारं कव्हय?"

विचारायला म्हणून धुळ्याच्या मिस्त्रीला मी तीन पत्रं लिहिली होती. आई माझ्यापासून चार हातांवर बसून रोज भाकरी थापत होती.

तुमच्या घरात कोणाला विचारायचं राहिलंय?