चिमटीतला कापूस

माणूस भेटला, की चिमूटकाका नमस्काराआधी त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरायचे. कापड एकदा चोळायचे, दोनदा चोळायचे, डोळे मिटायचे आणि मग विचारायचे, "बरं हायेस का?" एका लग्नात बोहल्याकडे निघालेल्या नवरदेवाची बाही त्यांनी अशीच धरली आणि भर मांडवात निकाल दिला, "भेसळ हाय." सांगायचं होतं एवढंच, की सुती म्हणून घेतलेल्या कापडात पॉलिएस्टर आहे. पण नवरीच्या बापाचा चेहरा उतरला आणि सनईवाल्याचा सूर अर्ध्यात तुटला. मी तिथे होतो. कुणी विचारलं नाही तरी हा प्रसंग मी अजून साभिनय सांगतो.

सेलूच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काका कापसाची प्रत ठरवायचे आणि मी वजनकाट्यावर बसायचो. शेतकऱ्याचा टेम्पो आत आला, की ते ढिगात कोपरापर्यंत हात घालून मधला पुंजका काढत. दोन्ही चिमटींनी तो ओढत, जोडत, पुन्हा ओढत. धाग्याची लांबी बोटांना कळे. मग पुंजका गालाला लावत. वजन वाढावं म्हणून कुणी कापसावर पाणी मारलं असेल, तर ते आधी गालाला कळतं. पुढे यंत्र आलं. पण शेतकरी यंत्राचा आकडा बघून परत काकांच्याच तोंडाकडे बघत.

त्यांना फसवायला मी अठरा वर्षं झटलो. वालूरच्या कापसात गंगाखेडचा मिसळला, नव्यात जुना घातला, एकदा तर घरची उशी उसवली. काकांनी डोळे मिटून पुंजका ओढला आणि म्हणाले, "ह्याच्यावर कुणीतरी घोरलंय." सगळं जिनिंग हसलं. सर्वांत मोठ्यानं मी.

काकू गेल्यावर ते जिनिंगच्या मागच्या दोन खोल्यांत एकटे राहत. मुलगा पुण्याला. अशातच एका हंगामात त्यांनी एकच टेम्पो अर्ध्या तासात दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा त्याच शेतकऱ्याला विचारलं, "कोण्या गावचा रे तू?" शेतकऱ्याला वाटलं, काका थट्टा करायलेत. मलाही तसंच वाटलं, मी टाळीसुद्धा दिली. आयुष्यभर खोड्या काढणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते. तो खरंच हरवला तरी लोक हसतात.

शेवटी त्यांनीच मला बाजूला घेतलं. "बोटाला कळायलंय रे. पण बोटानं सांगितलेलं वरी पोचंना."

मी त्यांना हैदराबादला नेलं. मेंदूच्या दोन तपासण्या झाल्या. एकीत मेंदूचा आकार दिसतो. दुसरीआधी शिरेत औषध टोचतात, मग मेंदूत साचलेलं एक प्रथिन चित्रात रंगानं उठून दिसतं. यंत्रात धातू चालत नाही म्हटल्यावर काकांनी गळ्यातली चांदीची डबी काढून दिली, पण आतलं इष्टलिंग रुमालात बांधून परत गळ्यात घातलं. "हे अंगावरच राहणार. दगुड हाय, काय करतंय तुमच्या मशिनीला?" तिथली माणसं आपसात बोलली आणि हो म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "आठवणी साठवायला मदत करणारा हा भाग वयाच्या मानानं बारीक झालाय. आणि इथे रंग दिसतोय, तिथे ते प्रथिन साचलंय. आजाराची सुरुवात आहे."

काकांनी चष्मा चढवला आणि नाक पडद्याला लागेल इतके पुढे झुकले. त्यांची चिमटी हवेतच चोळू लागली.

"म्हंजे हितं घट आली," ते म्हणाले. "आन् ही कवडी." कवडी म्हणजे किडीनं डागाळलेला पिवळा कापूस. "वेचून काढता येती का, बाई?"

बाईंना कवडी ठाऊक नव्हती, पण प्रश्न कळला. "सगळं वेचून तुम्हाला पहिल्यासारखं करणारं औषध आज नाही, काका. सांभाळता येईल."

परतीच्या गाडीत त्यांनी माझं मनगट धरलं. "मी चुकलो, की तोंडावर सांगायचं. माझ्या बोटापायी शेतकऱ्याचं नुस्कान होऊ द्यायचं न्हाई. माझ्यावर दया केलीस तर याद राख." मी शब्द दिला.

पुढच्या दिवाळीनंतर ती वेळ आली. पांढऱ्याशुभ्र कापसाला ते कवडी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"काका, चुकलं."

त्यांनी पुंजका पुन्हा ओढला. गालाला लावला. मग मांडीवरचे तंतू झटकले आणि उठले. "बरं केलंस." ते परत ढिगापाशी आले नाहीत.

आणि मी काय केलं? चहाच्या टपरीवर चष्मा नाकावर ओढून, त्यांच्या आवाजात, हैदराबादचा प्रसंग रंगवला. "वेचून काढता येती का, बाई?" लोक पोट धरून हसले. हसले, आणि काकांच्या खोलीकडे जायचे थांबले. एकच प्रश्न दहादा ऐकायचा कुणी? मी आधी रोज जायचो, मग आठवड्यातून, मग कधीतरी. काका दारातल्या बाजेवर बसून आत येणारे टेम्पो बघत. हाताशी येईल अशी एकही बाही तिथे उरली नव्हती.

गेल्या महिन्यात मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. मी सकाळीच वालूरच्या टेम्पोतून पुंजका उपसून खोलीवर गेलो.

"या. कोण्या गावचे तुमी?" काकांनी मला विचारलं.

मी पुंजका त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी ओढला, जोडला, पुन्हा ओढला.

"गंगाखेड," म्हणाले. आणि लहान पोरासारखं माझ्याकडे बघितलं. "बरोबर?"

तोंडावर सांगायचा शब्द मी दिला होता.

"बरोबर, काका," मी म्हणालो.

पुंजका परत घेतला आणि पाठ वळवली. खिशात रुमाल नव्हता, डोळे त्या कापसानंच पुसले. मागून काकांनी हात पुढे केला. तपासणी अजून संपली नव्हती. मी पुंजका दिला. त्यांनी डोळे मिटून तो गालाला लावला.

"ओला हाय," ते म्हणाले. "पाणी कुणी मारलं?"

"मी, काका."

त्यांनी पुंजका बाजेवर ठेवला. माझी बाही चिमटीत धरली. एकदा चोळली, दोनदा चोळली.

"बरं हायेस का?" त्यांनी विचारलं.