तीनदा आलेला मेसेज

लातूरच्या ट्यूशन एरियात कमलम्माची मेस कुणालाही विचारा, बोट करून गल्ली दाखवतील. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली गावोगावची पोरं चौदा वर्षं तिच्या हातचं खात आली. नवरा नागप्पा एसटीत ड्रायव्हर, आज अहमदपूर तर उद्या सोलापूर. त्यामुळं घर, मेस आणि एकुलती एक शिवलीला, सगळं तिच्याच अंगावर. डबा रिकामा आला की पोर बरं आहे, अर्धा आला की घरची आठवण येतेय, एवढं तिला न विचारता कळायचं.

शिवलीला बारावीला होती त्या जानेवारीत किनवटच्या ऋतुजाचा डबा दोन दिवस जसाच्या तसा परत आला. कमलम्मा कणकेच्या हातांनीच पोरींच्या हॉस्टेलवर गेली. दार आतून बंद. हाका मारून आवाज बसला, तेव्हा तिनं वॉर्डनला कडी तोडायला लावली. पोरगी तापानं फणफणलेली, माणूसही ओळखेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं. ऋतुजा वाचली. पण तिची आई किनवटहून आली आणि कमलम्माच्या पायावर डोकं ठेवून रडली, त्या दिवसापासून कमलम्माच्या मनात जो भीतीचा किडा शिरला तो निघाला नाही.

निकाल लागले. शिवलीलाला दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक नांदेडजवळ विष्णुपुरीला, मेकॅनिकलची. दुसरी विशाखापट्टणमच्या एका विद्यापीठात, जहाजबांधणीची. पोरीनं समुद्र पाहिला होता तो आईच्या मोबाईलवर. तरी तिचं मन तिकडंच.

"आई, एवढं लोखंड पाण्यावर तरंगतं कसं, ते मला शिकायचंय."

"अगं, पण तिथं आपलं कोण हाय? बोली तेलुगू, जेवण वेगळं."

"इथं येणाऱ्या पोरींचं तरी कोण असतंय? तू असतीस की."

तिथं मी नसेन, एवढं कमलम्माच्या ओठांवर आलं होतं.

नागप्पानं मात्र एका वाक्यात निकाल दिला. "जाऊ दे की तिला. आख्खा जन्म मी गाडी हाकत राहिलो, अन् पोरीनं नांदेडच्या पुढं जाऊ न्हाई?"

विशाखापट्टणमची जागा पक्की करायचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. दोन दिवस साइट अडकत होती, म्हणून शिवलीला चौकातल्या नेट कॅफेत जाऊन बसली. अभ्यासाची दोन वर्षं तिच्याकडं फोन नव्हता. फॉर्मवर नंबर आईचाच, आणि मेसला पोरांचे फोन येत राहतात म्हणून तो फोन घरीच. तिकडं बटण दाबलं की ओटीपीचे आकडे इकडं येणार, ते आईनं सांगायचे, एवढंच काम होतं.

चारला फोन वाजला. कॅफेवाल्याच्या फोनवरून शिवलीला बोलत होती. "आई, मेसेज आला का?"

मेसेज आला होता. सहा आकडे कमलम्माच्या डोळ्यांसमोर होते. शेगडीवर वरण उकळत होतं. तिला ऋतुजाचं ते बंद दार दिसलं, आणि तोंडातून निघून गेलं, "न्हाई आला गं."

"परत पाठवते. बघ हां."

दुसरा आला. "न्हाई."

पावणेपाचला तिसरा आला. पोरीचा आवाज चिरकत होता. "आई, नीट बघ ना, वर घे, खाली घे..." कमलम्मानं फोन कानाला घट्ट दाबला आणि तिसऱ्यांदा नाही म्हणाली. मग तिन्ही मेसेज पुसून टाकले. शिवलीला धावत घरी पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. तिनं आईच्या हातातून फोन घेतला, पाहिला, आणि उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडली. कमलम्मानं तिला जवळ घेतलं. पोर आईच्याच कुशीत रडत होती, आणि आईला वाटत होतं, धरणी फाटावी.

नागप्पानं साइटला, नेटवर्कला, सरकारला शिव्या घातल्या. ऑगस्टमध्ये शिवलीला विष्णुपुरीला गेली.

सगळं ठीक चाललं होतं. मार्क बरे होते, पंधरा दिवसांनी ती घरी यायची. पण जहाजाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. कमलम्माच्या हातची चव मात्र बिघडली. वरणात दोनदा मीठ पडे, पोरं थट्टेनं म्हणत, "काकू, लक्ष कुठंय?"

दिवाळीच्या सुट्टीत शिवलीला शेव पाडत बसली होती. आईचा उतरलेला चेहरा पाहून म्हणाली, "आई, ती जागा गेली ते अजून मनाला लावून घेतलंयस का? तुझा काय दोष? मेसेजच आला न्हाई."

तेवढं ऐकवलं नाही. कमलम्मानं झारा खाली ठेवला. "आला होता."

शिवलीलाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. मला भ्या वाटलं, बाई. तू तिकडं पडलीस, तर तुझं दार कोण ठोठावंल..."

"मला विचारायचं होतं," शिवलीला म्हणाली. मोठ्यानं नाही. शेवेचा साचा तिनं परातीत ठेवला, हात धुतले, पिशवी भरली. दारात थांबून म्हणाली, "अप्पांना सांगू नको. त्यांना सहन व्हायचं न्हाई." आणि दुपारच्या गाडीनं ती नांदेडला गेली.

महिनाभर तिनं आईचा फोन घेतला नाही. पुढं येऊ लागली, पण कामापुरतंच बोले. नागप्पाला वाटे, पोरगी अभ्यासानं सुकली. दोघींनी त्याला कळू दिलं नाही. आता दोघींमध्ये तेवढीच एक गोष्ट सोबतीची उरली होती. माफी कमलम्मानं मागितली नाही. मागून मिळेल अशी ती वस्तू नाही, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शिवलीलानं विशाखापट्टणमच्या एका जहाजांच्या कारखान्यात दीड महिन्याचं प्रशिक्षण स्वतःच मिळवलं. निघायच्या आदल्या दिवशी घरी सांगितलं, विचारलं नाही. कमलम्मानं धपाटे बांधून दिले. ते तिनं घेतले. नागप्पा तिला स्टेशनवर सोडून आला.

तिसऱ्या दिवशी फोन आला, तो बापालाच. नागप्पा अंगणात फिरत फिरत बोलला. आत आला तेव्हा कमलम्मा जागची हललेली नव्हती.

"काय म्हनली?"

"समुद्र बघून आली. वारा लई हाय म्हनली, उभंच राहू देत न्हाई." नागप्पा टोपी काढत म्हणाला. "आईला सांगा म्हनली."

कमलम्मानं मान हलवली, आणि पदरानं तोंड पुसत भिंतीकडं वळली.