बिनफोडणीचे दिवस

त्या दिवसांत माझा देवीवर राग होता, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे तापानं अंथरुणाला खिळले होते. चिचगडच्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हटलं, सासूबाईंनी मोतीझिरा. गोळ्या सुरू झाल्या, तशी दाराला कडुलिंबाची डहाळी लागली आणि घरातली फोडणी बंद झाली. मोतीझिरा म्हणजे देवी पाहुणी आलेली, तिला फोडणीचा वास चालत नाही, अशी आमच्याकडची रीत. रोज बेचव वरण गिळताना मी मनात म्हणायची, पाहुणी आलीस ना, मग निघायचं नाव तरी काढ.

ताप हटेना. गोळ्या बदलून झाल्या, शेवटी गोंदियाला दवाखान्यात आणलं. तिथं इंजेक्शन दिलं, तर यांच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला, आणि तेही थांबवावं लागलं. दुसऱ्या दिवशी यांनी मला ओळखलं नाही. तेव्हा माझा राग पार गळाला. यांच्या पलंगाची कड धरून मी देवीला म्हणाले, "माय, आता तूच पाहा. माझं काही चालत नाही."

त्याच दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "हल्लीच्या गोळ्यांना हे जंतू जुमानत नाहीत. पण एक जुनी कॅप्सूल आहे. एके काळी जंतू तिलाही जुमानेनात, म्हणून आम्ही ती लिहिणं सोडलं. इतकी वर्षं कुणी वापरली नाही, तर आता जंतूच तिला विसरलेत. तिनं मरतील." पडीत ठेवलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, भरतो तसा त्या टाकून दिलेल्या औषधात पुन्हा कस भरला होता. हे कुणी केलं, मला आजही सांगता येत नाही.

पण ती कॅप्सूल मिळेना. "वो अब कौन लिखता है, बहनजी," जो तो दुकानदार हेच म्हणे. एका दुकानाच्या पायरीवर बसून मी रडू लागले. टोपलीत मासे घेऊन सायकलवर फिरणारा एक माणूस थांबला.

"काऊन रडून राहिल्या जी बाई?"

मी चिठ्ठी दाखवली, औषधाचं नाव सांगितलं.

"थे? एक म्हातारे डॉक्टर अजून लिहितेत. त्यायच्या बाजूच्या दुकानात भेटते. चला माह्या मांगं."

गिऱ्हाइकं सोडून तो सायकल हातात धरून चालत निघाला, मी त्याच्या मागे. औषध घेऊन बाहेर आले, तर तो निघून गेला होता. फोडणीचा वास न चालणाऱ्या देवीनं माझ्यासाठी मासोळीच्या वासाचा माणूस धाडला होता.

डॉक्टरांनी पाकिटावरची तारीख तपासून औषध सुरू केलं. हळूहळू ताप उतरला, आम्ही घरी आलो. सासूबाईंनी दाराची डहाळी काढली आणि मला म्हणाल्या, "टाक आता फोडणी." त्या दिवसापासून मी देवीशी हुज्जत घालत नाही. मी हात टेकले तेव्हाच तिला हात घालायला जागा झाली, एवढं मला कळलं. तेलात मोहरी तडतडली, लसणाचा वास घरभर गेला. खाटेवरून यांचा आवाज आला, "काय रांधून राहिली वो? भूक लागली."

हातातला झारा खाली ठेवून मी चुलीलाच हात जोडले.