जिज्जीचा खरेपणाचा महिना

माझी मोठी जाऊ रामरती, आम्हा सगळ्यांची जिज्जी, वर्षाचे अकरा महिने सर्रास खोटं बोलते. म्हैस तीन लिटर दूध देते, ही सांगते सात. शेजारीण हळद मागायला आली की डबा नेमका रिकामा. पण माघ लागला, प्रयागला गंगेच्या वाळूत आमचा तंबू पडला, की महिनाभर तिचा कल्पवास. एक वेळ जेवण, जमिनीवर झोप, राग नाही आणि खोटं तर नाहीच नाही. त्या महिन्यात घरातलं कुणी तिला काही विचारायच्या भानगडीत पडत नाही. गेल्या माघात मी विचारलं होतं, "जिज्जी, खिचडी कशी झालीय?" अजून बोचतंय.

यंदा कुंभ, आणि तिच्या कल्पवासाचं बारावं, शेवटचं वर्ष. एक शब्द खोटा गेला की बारा वर्षांचं पुण्य पाण्यात, या धास्तीने ती मोजूनमापून बोलत होती. नेमकी तेव्हाच शूटिंगवाली मंडळी आमच्या दारात उगवली. मुंबईच्या त्या पोरसवदा डायरेक्टरला जिज्जीचा चेहरा फार आवडला.

"आजी, एकच वाक्य. रडत म्हणायचं, माझा मुलगा या गर्दीत हरवला."

"पण हरवला नाही ना, बबुआ."

"खोटं खोटं म्हणायचं."

"तेच तर नाही म्हणायचं."

"अहो, ही ॲक्टिंग आहे!"

"मला कळलं रे. गंगामैयाला कोण समजावणार?"

भोवती ही गर्दी जमली. डायरेक्टर हट्टाला पेटला. बरं, मालक हरवले म्हणा. मालक, म्हणजे माझे थोरले दीर, मागेच बटाटे सोलत बसले होते. "मी हरवतो की घटकाभर," म्हणत ते हौसेने तंबूमागे गेलेसुद्धा.

"तिथेच बसलेत," जिज्जी म्हणाली. "पाय दिसतायत."

"मग घरची वाट चुकले म्हणा!"

"चुकले कुठे? झूंसीला बस मिळते. आमच्या गावात उतरायचं."

रागवायचं नाही म्हणून हे सगळं ती दात आवळून, अगदी गोड आवाजात बोलत होती. डायरेक्टरने असला काही नेम घेतला नव्हता. त्याने टोपी वाळूत आपटली.

ऊन उतरायला लागलं. शेवटी बिचाऱ्याने हात जोडले. "आजी, जे खरं असेल तेच बोला. मुलाबद्दल काहीही."

हे तिला माघात कुणीच विचारत नाही.

जिज्जीने पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. "हरवला नाही. सुरतेला आहे. पत्ता आहे, नंबर आहे. गावात मी सांगते, रोज फोन येतो. येत नाही. मी केला की सून म्हणते, झोपलेत. चार वर्षं झाली, तोंड दाखवलं नाही."

दीर तंबूमागून बाहेर आले आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. मला रडू फुटलं, आणि त्या डायरेक्टरचा संतापही आला.

तो चाचरत म्हणाला, "आजी, मध्येच भोंगा वाजला. पुन्हा एकदा म्हणाल?"

"म्हणते की," जिज्जी म्हणाली. "अजून खरंच आहे."