उन्हातली गौर

दुपारी बेबाबाईला धड झोप लागायची नाही आणि धड जागही नसायची. चैत्रातलं ऊन अंगणात पाय टेकू द्यायचं नाही. नवरा लीलाधर केळीच्या बागेतून येऊन, जेवून ओट्यावर आडवा व्हायचा, आणि बेबाबाई आतल्या खोलीत सारवलेल्या गार भुईवर कूस टाकायची. मातीच्या सपाट छताचं, धाब्याचं घर, भिंती हातभर जाड, वर एवढासा झरोका. त्यातून उन्हाचा एक कवडसा उतरायचा आणि दुपारभर भिंतीवरून सरकत राहायचा. ती त्याच्याकडे बघत पडायची. त्यात काय दिसतं हे तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

शेजारची सुमनबाई म्हणायची, ही बाई चुलीपुढे असते आणि कुठेच नसते. त्यात खोटं काही नव्हतं. भाकरी थापता थापता बेबाबाई मध्येच थांबे, आणि तवा धुरावला की भानावर येई.

गाव असोद्यापासून कोसभर आत. शाळा चौथीपर्यंत, मारुतीच्या देवळाशेजारी. बेबाबाईची एकुलती एक प्रमिला तिथे चौथीत होती. घरात शिकलेलं कोणी नव्हतं. लीलाधरला सही येत होती, आणि सही येते याचा रुबाबही होता. तरी परीक्षा जवळ आली की प्रमिला पुस्तक घेऊन मायजवळ येऊन बसायची. एकटीनं वाचायचा तिला कंटाळा यायचा, आणि मायची उत्तरं ऐकायला तिला आवडायचं.

"माय, चंद्र कधी लहान, कधी मोठा काबरं दिसतो?"

बेबाबाईचे डोळे मिटलेलेच असायचे. "तो नाही होत वं लहान. पदर घेतो तोंडावर."

"आन् तळ्याचं पानी उन्हाळ्यात कुठी जातं?"

"माहेरी. पावसात येतं का नाही परत?"

प्रमिला खुदखुदायची. पोरगी हुशार होती. पेपरात पुस्तकातलं लिहायची, आणि मायचं मनात ठेवायची. वार्षिक परीक्षेपर्यंत या दोन्हींची कधी गल्लत झाली नव्हती.

या परीक्षेवर मात्र सगळं टांगलेलं होतं. दिवाळीत लीलाधर खुशीत असताना बोलून गेला होता, पोरगी चांगली पास झाली तर पाचवीला असोद्याला धाडू. प्रमिलानं ते शब्द गाठीला बांधून ठेवले. लीलाधरनं मात्र ते सैल सोडले. लोक त्याला म्हणत, एवढ्या उन्हातान्हात रोज कोसभर जायचं आणि कोसभर यायचं, पोरगी काळी ठिक्कर पडेल, मग कोण करून घेईल? सुमनबाईनं तर रावेरकडचं एक स्थळही सुचवलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की बघायला येतो म्हणाले होते. लग्न नंतर होईल, पण बोलणी आत्ता करून ठेवावी. आणि बोलणी झालेल्या मुलीला रोज कोसभर रस्त्यानं कोण धाडतं?

आखाजी आठ-दहा दिवसांवर आली तशी बेबाबाईनं दरवर्षीप्रमाणे गौराई बसवायची तयारी केली. टोपलीत काळी माती घातली, गहू पेरले, पाणी शिंपडलं, वर दुसरी टोपली पालथी घातली आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दिली. तिच्या सासूची तीच रीत, त्याआधी तिच्या आईचीही तीच. त्या गडबडीत प्रमिला दिवसभर घरी राहिली. नेमकं त्या दिवशी पितांबर गुरुजींनी शाळेत रोपांचा रंग शिकवला, आणि पुस्तकात तो धडाच नव्हता.

चार दिवसांनी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, मैत्रिणींकडून तिला एवढंच कळलं, की गुरुजी म्हणाले, अंधारात वाढलेलं रोप पिवळं का होतं हे परीक्षेत येणार. उत्तर सांगताना मैत्रिणी भांडल्या आणि राहूनच गेलं. प्रमिला घरी आली. टोपली उचलून बघितली. आत बोटभर उंचीची गौर आली होती, नाजूक, अगदी पिवळीधमक.

ओट्यावर लीलाधर जागा होता. तिनं त्यालाच विचारलं, "आबा, अंधारात ठेवेल रोप पिवयं काबरं होतं?"

यावर केळीवाल्याला विचार करावा लागतो? हिरवे घड अंधाऱ्या खोलीत पाल्याखाली झाकायचे, धूर द्यायचा, दार लावायचं, आणि उघडलं की सोन्यासारखे पिवळे. उभा जन्म त्यानं हेच केलं होतं.

"पिकतं म्हून," तो म्हणाला. "आपले केयं नाही का पिकत? अंधारात ठेव, पिकतं."

प्रमिला आत आली. मायलाही विचारलं. बेबाबाईनं कवडशावरची नजर न काढता सांगितलं, "हयद लागते तिले. गौर ही पोर, तिचं लगीन. हयद लागेल पोरीले उन्हात नाही जाऊ देत. आत ठेवतात. मले बी ठेवलं होतं."

ती इतक्या हळू बोलली, की प्रमिलाला ते उत्तर सगळ्यांत खरं वाटलं.

परीक्षा झाली. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पारावर माणसं बसली होती, लीलाधरही होता. पितांबर गुरुजी पेपर तपासून तिथे आले. वाईट मनाचा माणूस नव्हता, पण चांगला विनोद पोटात ठेवणं त्यांना जमत नसे. त्यांनी प्रमिलाचं उत्तर जसंच्या तसं म्हणून दाखवलं: 'वडिलांच्या मते रोप अंधारात पिकते. आईच्या मते त्यास हळद लागते. मला दोन्ही खरे वाटते.'

पार हसून हसून लोळला. कोणी म्हणालं, लीलाधरभाऊ, गहू पिकवायला खोली आमालेबी द्या. कोणी म्हणालं, रोपाचा नवरदेव कुठला? लीलाधर हसला नाही. तो उठला आणि घरी आला.

"तुनं शिकवलं का हे?" त्यानं दारातूनच विचारलं. "हयद लागते म्हने! गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली. झालं शिक्षन. रावेरचे लोक येतीन, त्याईले होकार देऊ."

स्वतःचं पिकण्याचं मत तो वाटेत कुठेतरी टाकून आला होता. बेबाबाईनंही त्याची आठवण करून दिली नाही. तिचा जीवच हलला होता. आजवर घरात प्रमिलाशिवाय तिला कोणी काही विचारत नव्हतं, तिच्या बोलण्याचं बरंवाईट होत नव्हतं. पहिल्यांदा कोणीतरी तिचा शब्द खरा मानून कागदावर लिहिला, आणि त्याच शब्दानं लेकीचं वाटोळं केलं. ती चुलीपुढे बसून रडली. प्रमिला तिच्या पाठीला टेकून बसून राहिली.

"गुरुजीचं उत्तर काय होतं?" बऱ्याच वेळानं बेबाबाईनं विचारलं.

"ऊन मियत नाही म्हून पिवयं पडतं. उन्हात ठेवलं त हिरवं होतं म्हने." हे तिला पेपर झाल्यावर मैत्रिणींनी सांगितलं होतं.

बेबाबाईला ते पटेना. आईच्या घरी, सासूच्या घरी, तिनं गौर पिवळीच पाहिली होती. पिवळीच पुजायची, पिवळीच विहिरीवर नेऊन बोळवायची. उन्हात ठेवून कोणी बघितलंच नव्हतं.

आखाजी आली. माहेरवाशिणी आल्या, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले गेले, गाणी झाली. तिसऱ्या प्रहरी बायका टोपल्या डोक्यावर घेऊन विहिरीकडे निघाल्या. बेबाबाई सगळ्यांत मागे राहिली. टोपलीतला मातीसकट एक मूठभर गठ्ठा तिनं काढला आणि पदराखाली धरला. पाहुणीला निरोप देताना तिचं बोचकं ठेवून घ्यावं, तसलं हे काम. पण ठेवून घेतलं. फुटक्या मडक्याच्या बुडात तो गठ्ठा रोवला आणि शिडी चढून धाब्यावर नेऊन ठेवला.

बिबडे वाळवायचे दिवस होते. ज्वारीचे ते पातळ पापड पसरायचे, राखायचे, उलटायचे. त्यामुळे धाब्यावर चढायला निमित्त शोधावं लागत नव्हतं. पहिल्या दिवशी गौर मान टाकून पडली. बेबाबाईला वाटलं, देवीचा जीव घेतला आपण. तिनं पाणी घातलं, बिबड्यांच्या कापडाचं टोक वर ओढून थोडी सावली केली, आणि शेजारी बसून राहिली.

बसल्या बसल्या तिला आपलं लग्न आठवायला लागलं. प्रमिलाएवढीच होती. हळद लागल्यावर तिला आतल्या खोलीत बसवलं. बाहेर सगळ्या पोरी झोके घेत होत्या, त्यांचा आवाज भिंतीतून यायचा. खोलीला झरोका होता आणि त्यातून एक कवडसा यायचा. ती त्याच्याकडे बघत बसायची. मग सासरी आली, आतल्या खोलीत. तिथेही झरोका होता. हळद कधी उतरली ते तिला आठवेना. खाली आपला रंग कुठला होता, तेही आठवेना. आपण इतकी वर्षं भिंतीवर काय बघत होतो, ते तिला आज धाब्यावर कळलं, आणि एकदम भडभडून आलं.

पुढच्या सकाळी गौरीनं मान वर केली. त्यानंतर एका सकाळी बुडाशी काहीतरी निराळं दिसलं. बेबाबाईनं डोळे चोळले. दोन दिवसांनी चोळायची गरज राहिली नाही. गौर शेंड्यापर्यंत हिरवीगार झाली होती. ती तिच्यावरून नुसता तळहात फिरवत राहिली.

त्याच दिवशी निकाल लागला. त्या एका प्रश्नाला भोपळा मिळूनही प्रमिला पास झाली, वर्गात पहिल्या काही मुलांत आली. लीलाधर जेवायला बसला तेव्हा ती निकाल सांगून दाराआड उभी राहिली.

"पास झाली त चांगलंच झालं," लीलाधर ताटाकडे बघत म्हणाला. "पन रावेरचे परवा येऊन राह्यले."

बेबाबाईनं पुढची भाकरी वाढली नाही. ती शिडी चढून गेली, फुटकं मडकं घेऊन आली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"गौर."

"बोयवली होती ना?"

"थोडी ठेवली. उन्हात ठेवली."

लीलाधरनं खाणं थांबवलं. शेतकरी माणूस, हिरवं काही समोर आलं की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. त्यानं एक पातं बोटांत धरलं, खालपासून वर चाचपलं.

"पिकेल केयं पुन्हा हिरवं होत नाही," तो शेवटी म्हणाला. कोणाला सांगावं तसं नाही, स्वतःशीच.

"मंग हे पिकेल नव्हतं," बेबाबाई म्हणाली. "कोंडेल होतं."

लीलाधरनं मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोचा आवाज एवढा लख्ख त्यानं कधी ऐकला नव्हता. ती त्याच्याकडे सरळ बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तिले जाऊ द्या उन्हात," ती म्हणाली. "मले कोनी नाही जाऊ दिलं."

उरलेली भाकरी लीलाधरनं तशीच कोरडी खाल्ली आणि हात धुऊन बाहेर गेला. पण संध्याकाळी सुमनबाईच्या घरून रावेरला निरोप गेला, की बोलणी आत्ता नको, पुढे पाहू. आणि सकाळी बागेत निघताना त्यानं प्रमिलाला हाक मारली. "असोद्याच्या रस्त्यानं एक झाड नाही. डोक्याले फडकं बांधत जाजो," एवढं म्हणून तो चालायला लागला.

शाळा उघडली तेव्हा पाऊस अजून लांबच होता. प्रमिला डोक्याला फडकं बांधून निघाली, आणि गाव संपायच्या आत तिनं ते सोडून दप्तरात कोंबलं. धाब्यावरून बेबाबाईनं ते पाहिलं. बिबडे केव्हाच वाळून डब्यात गेले होते, धाब्यावर तिचं काहीच काम नव्हतं. तरी पोरगी केळीच्या बागांआड दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली, आणि मग तिथेच खाली बसली. पदर खांद्यावर आला होता. तिनं तो डोक्यावर घेतला नाही.

शेजारच्या अंगणातून सुमनबाईनं वर पाहिलं. "बेबा, उतर वं खाली! उन्हात कायी ठिक्कर पडशीन!"

"पडू दे," बेबाबाई म्हणाली.