धनराजचा उजवा कान

धनराजसारखा हट्टी माणूस साऱ्या लाखनी तालुक्यात सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरचा. लहानपणी बापासोबत डोंग्यात बसून तलावाच्या पाण्यावर काठी बडवायचा. पाणी बडवलं की मासे भिऊन जाळ्याकडे पळतात. बाकीची पोरं कशीही बडवायची, हा सात-सातच्या मोजणीत बडवायचा. बाप म्हणे, "मासे राहू दे, मलेच चक्कर येऊन राहिली!" आता चौतिशीचा आहे. पहाटे मासे धरतो, सकाळी बाजारात विकतो आणि उरलेल्या वेळात आमच्या 'गाळपेर' बँडचे ड्रम वाजवतो. मी हर्षा, पोस्टात कारकून, बँडमध्ये बेस गिटार वाजवते. मनिष गिटार वाजवतो, गातो, म्हणजे ओरडतो, आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही तोच करतो. आम्ही प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे जड, अवघड मोजणीचं रॉक, वाजवतो म्हटलं की लोक विचारतात, लग्नात वाजवता का? नाही वाजवत, बापा.

दिवाळी झाली आणि धनराज म्हणाला, "हा अल्बम शेवटचा. यानंतर मी नाई." कारण विचारलं तर उठून घरी निघून गेला. मला असा संताप आला की आठ दिवस मी त्याच्याशी बोलली नाही. बारा वर्षं घातली होती आम्ही या बँडमध्ये, आणि हा दोन शब्दांत मोकळा झाला!

रेकॉर्डिंग मनिषच्या मामाच्या राइसमिलच्या गोदामात चालायचं. धानाची पोती छतापर्यंत रचलेली, मधे खोलीएवढी जागा. धान आवाज पिऊन टाकतं, ड्रम कसे घट्ट येतात. सोमवारी मिल बंद, म्हणून सोमवारची दुपार आमची. त्या दिवशी मी रजा टाकायची. चार सोमवारांत पाच गाणी झाली. सहावं, नऊ मिनिटांचं, तेवढं राहिलं होतं.

पाचव्या सोमवारी गेलो तर गोदाम रिकामं. मामांनी शनिवारीच पोती ट्रकमध्ये भरून रवाना केलेली, आणि आम्हाला सांगायचं कोणाला सुचलंच नाही. मनिष म्हणाला, वाजवून तर पाहू. धनराजनं पहिला ठोका दिला आणि माझे दात शिवशिवले. टिनाच्या छतावरून एका ठोक्याचे चार होऊन परत येत होते. मी बेस खाली ठेवून दिला. तो मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत वाजवत राहिला, आणि हसून म्हणाला, "मस्त आला ना आवाज? मागच्यासारखाच."

"अबे, मजाक करून राहिला का?" मनिष म्हणाला.

"कायची मजाक?"

मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. हळूच हाक मारली, "धनराज." तो फडक्यानं झांज पुसत होता. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. त्यानं मान वळवलीच नाही. 

समोर जाऊन त्याचा खांदा गदागदा हलवला. "काहून नाही सांगितलं रे?" मी किंचाळली.

मग बोलला. डावा कान दिवाळीच्या आधीच गेला होता. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, उजवाही उतरत चाललाय, ड्रम सोडा, नाही तर तोही जाईल. कधी, ते सांगता येत नाही. घरी रंजूला, त्याच्या बायकोला, यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तिले सांगतलं तं तीच ड्रम तलावात टाकून देईल."

"मीच टाकते आत्ता!"

"भेव लागते मले, हर्षा," तो म्हणाला. "रोज सकाळी उठलो का पह्यले उजव्या कानापाशी चुटकी वाजवून पाह्यतो. पण हे एक गाणं राह्यलं तं मी जिंदगीभर तेच मोजत बसीन."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. बाजारातून जाताना मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूनं हाक मारायची आणि तो वळेपर्यंत तिथून हलायची नाही.

पुढच्या सोमवारी मनिषनं फर्निचरवाल्याकडून करवत चालवताना कानांवर लावतात ती मोठी झाकणं आणली. आत कापूस, वर झाकणं. गोदाम परत भरेपर्यंत थांबायला धनराज तयार नव्हता, घुमेल तसंच घ्यायचं ठरलं. मोजणी हेडफोनमधून कानात देता येणार नव्हती, माझा बेस नंतर भरता आला असता, म्हणून मी धनराजच्या मागे स्टुलावर बसली आणि त्याच्या पाठीवर हातानं मोजत राहिली. सात, सात, अकरा. रिकाम्या गोदामात आवाज नुसता घुमत होता. प्रत्येक ठोक्याला वाटायचं, हाच तो, यानंच गेला कान. मध्येच मला सहन झालं नाही, मी हात उचलला. तो थांबला नाही. मग मी हात परत ठेवला.

गाणं संपलं. मनिषनं अंगठा दाखवला. धनराज काड्या मांडीवर ठेवून तसाच बसून होता. मी समोर जाऊन खूण केली, काढ आता. त्यानं दोन्ही हात झाकणांवर नेले आणि तिथंच थांबला. 

"काढतो," तो म्हणाला, उगाच खूप मोठ्यानं. "पण हर्षा, काढल्यावर काहीच नाई आयकू आलं तं?"

 उत्तर दिलं असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं. मी पुढे झाली आणि त्याचे दोन्ही हात त्या झाकणांवर तसेच दाबून धरले.