न रडलेली तीन वर्षं

आम्ही ठाकर, डोंगरातले. मी मात्र नारायण पेठेतल्या शाळेत मराठी शिकवते आणि मुलांचे उच्चार सुधारते, म्हणजे किती शहाणी ते बघा.

आमच्या पाड्यावर कुणी गेलं की बायका हेल काढून रडतात आणि त्या रडण्यात माणसाचं सगळं आयुष्य सांगतात. कुठल्या झऱ्याचं पाणी वाहिलं, कुणाची बाळंतपणं केली, कुणाशी भांडली, सगळं. पण जिनं जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच तिनं रडायचं. माझी आई यात पटाईत. लांबलांबच्या पाड्यांवरून तिला बोलावणं यायचं.

वडील गेल्यावर मी तिला हडपसरच्या फ्लॅटवर आणलं. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये ती शेजारणीशी आमच्या बोलीत बोलायला लागली. शेजारीण गोड हसून मला म्हणाली, "अहो, यांचं बोलणं कळतं तुम्हाला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात येऊन आईला म्हटलं, "चारचौघांत नीट बोलता येत नसेल तर गप्प बसत जा."

ती गप्प बसली, घरातसुद्धा. मला वाटलं, रुळली. कर्म माझं! दुपारभर गॅलरीत असायची. कशी आहेस विचारलं, तर "बरी हाय." मलाही तेवढं पुरायचं, कारण वह्या तपासायच्या असायच्या.

एकदाच म्हणाली, "मी गेल्यावर तूच रड. बस, शिकवते." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस," आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

तिसऱ्या वर्षी ती गेली. तिला पाड्यावर नेलं. मावशीनं रडायला सुरुवात केली. आईचं लहानपण, लग्न, शेत, आमचे जन्म, सगळं सांगितलं. आई पुण्याच्या एस्टीत बसली तिथं येऊन मावशी थांबली.

"पुढचं तुला ठावं," मला म्हणाली.

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. बोली मला येत होती, अजूनही येते. पण सांगू काय? तीन वर्षं ती माझ्या घरात होती. दिवसभर तिच्या मनात काय चालायचं, कुणाची आठवण यायची, कुठं दुखायचं, मी कधी शेजारी बसून विचारलंच नव्हतं. "आये" म्हटलं आणि पुढे एक शब्द निघेना.

मावशीनं बराच वेळ वाट पाहिली. मग पदरानं आईचं तोंड पुसलं आणि पुरुषांना म्हणाली, "उचला."